उपासना म्हणजे जवळ बसणे

सज्जनहो, आपण जे शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारतो, त्यांचा अर्थ आपण क्वचितच उघडून पाहतो. 'उपासना' हा तसाच एक शब्द. 'उप' म्हणजे जवळ, आणि 'आस्' हा बसणे या अर्थाचा धातू. तेव्हा उपासना म्हणजे जवळ बसणे. 'उपनिषद्' या शब्दाच्या पोटातही हेच बसणे आहे. शिष्य गुरूच्या सन्निध खाली बसला, आणि तेथे जे मिळाले ते उपनिषद्. शब्दात कोठेही धावणे नाही, पकडणे नाही, ओरबाडणे तर नाहीच.

आता जवळ बसणे ही गोष्ट बोलायला सोपी आहे. पण तिच्यात दोघे असतात, हे आपण विसरतो. एक बसणारा आणि दुसरा ज्याच्याजवळ बसायचे तो. आपण जवळ जाऊन बसलो आणि दुसरा भिऊन उठून गेला, तर त्याला उपासना म्हणता येईल काय? बसणे झाले, 'उप' कोठे राहिले?

तुकोबारायांविषयी परंपरेत एक कथा सांगतात. महाराज वाटेने चालले होते. शेतात दाणे टिपणारी पाखरे त्यांच्या चाहुलीने भुर्रकन उडाली. तुम्ही-आम्ही असतो तर तिकडे लक्षही दिले नसते. पाखरे उडायचीच, त्यात नवल काय! पण महाराजांच्या मनाला ते लागले. सर्वांभूती एकच देव आहे असे आपण म्हणतो, आणि या लहान जिवांना आपले भय वाटते. तेव्हा आपल्यात अजून काही उणे आहे, असे त्यांनी मानले. ते तेथेच उभे राहिले. अंग निश्चळ, चित्त निश्चळ. आणि काही वेळाने तीच पाखरे परत आली व त्यांच्या अंगाखांद्यावर बसली, असे सांगतात.

कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. कीर्तनात ती सांगितली की श्रोते माना डोलावतात. पण तिच्यात आपल्यासाठी एक कसोटी आहे, ती आपण आपल्याला लावून पाहत नाही. आपण जवळ गेल्यावर कोण थांबते आणि कोण पळते?

येथे कोणी शंका घेईल. तो म्हणेल, "बोवा, आपला संप्रदाय नामघोषाचा. टाळ, वीणा, मृदंग ही आपली आयुधे. आपण गर्जत जातो, नाचत जातो. मौन धरून, अंग आवरून बसणे हा योग्यांचा मार्ग. तो आम्हांस कशाला?" शंका खोटी नाही. तिचे समाधान एका वाक्यात होणारही नाही. म्हणून थोडे मागे जाऊन माउलींकडेच जाऊ.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना माउली 'अहिंसा' या एका पदावर किती वेळ थांबले आहेत! अहिंसक पुरुष चालतो कसा, पाहतो कसा, बोलतो कसा, हात कसा उचलतो, येथपर्यंत त्यांनी सांगितले आहे. त्याच्या चालण्याला त्यांनी दोन दृष्टांत दिले. एक कमळावर उतरणाऱ्या भ्रमराचा. केसर चुरगळेल या भयाने तो पाय हळुवार ठेवतो. दुसरा पाण्यात पाऊल टाकणाऱ्या बगळ्याचा. तो अशा बेताने पाऊल घालतो की लहर फुटत नाही आणि पाण्याची निवांतता मोडत नाही.

आम्ही हा भाग अनेक वेळा सांगितला आहे. पण खरे सांगायचे तर बगळ्याचे ते पाऊल आम्ही डोळे भरून पाहिले ते फार दूरच्या मुलुखात. ब्रिटनमधील मराठी मंडळींनी कीर्तनासाठी बोलाविले होते. वैशाखाचा महिना होता. कार्यक्रम आटोपल्यावर एका गृहस्थांनी आम्हांस उत्तरेला स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर नेले. तेथे समुद्राचे लांबलचक फाटे डोंगरांत शिरलेले आहेत. त्यांना तिकडे 'लॉख' म्हणतात. आपल्या कोकणातील खाडीसारखेच म्हणा, पण घडण निराळी. खाडी ही नदीच्या मुखाशी असते. हे लॉख हिमनद्यांनी कोरलेले. फार पुराण्या काळी बर्फाचे प्रचंड ओघ डोंगरांतून सरकत आले आणि त्यांनी खडक खरवडून खोल दऱ्या केल्या. सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वी हिमयुग सरले. बर्फ वितळले आणि दऱ्यांत समुद्र शिरला. बर्फाचा जोर तोंडाशी कमी पडे, म्हणून तेथे खडकाचा एक उंचवटा राहिला. आत खोल पाणी, तोंडाशी उथळ. बाहेरच्या दर्याचा आवेश त्या उंबऱ्याशी मोडतो आणि आत पाणी तळ्यासारखे शांत राहते. उंबरा म्हटला की वारकऱ्याला नामदेवरायांची पायरी आठवणारच. आम्हांलाही आठवली.

आम्ही गेलो त्या फाट्याचे नाव सुनार्ट. लांबी सुमारे ३१ किलोमीटर. दोन्ही काठांना जुनी ओकची राने, आणि झाडांच्या खोडांवर इतके शेवाळ की झाडांनी हिरव्या शाली पांघरल्या आहेत असे वाटावे. स्ट्राँशियन नावाचे एक गाव काठावर आहे. तेथल्या खाणीत सापडलेल्या खनिजावरून स्ट्राँशियम या मूलद्रव्याला नाव मिळाले. त्या गावाच्या पश्चिमेला, पाण्यातल्या एका लहान बेटासमोर, लाकडाचा एक आडोसा बांधलेला आहे. त्यात बसायला बाके, आणि पाहायला आडव्या फटी. बस्स, आणखी काही नाही. बेटाचे नाव 'गारव एलन'. आम्हांस प्रथम 'गर्व' असे ऐकू आले! त्यांच्या गेलिक भाषेत त्याचा अर्थ खडबडीत बेट असा आहे.

त्या आडोशात आमच्यासोबत आमचे यजमान, त्यांच्या सूनबाई आणि दहा वर्षांची नात अशी मंडळी होती. ओहोटी लागली होती. पाणी जसजसे उतरू लागले तसतसे खडक वर आले, आणि त्या खडकांवर एकेक करून सील चढून बसले. सील हे समुद्रात राहणारे सस्तन जनावर. पोहण्यात मासा, पण श्वास घ्यायला वर येणारे, पिलाला दूध पाजणारे. खडकावर पडले की डोके आणि शेपूट दोन्ही वर उचलून होडीच्या आकाराचे दिसते. भरतीच्या वेळी खडक बुडाले की ते पुन्हा पाण्यात जाते. दिवसातून दोन वेळा भरती, दोन वेळा ओहोटी, आणि रोज त्यांची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यांचे सारे वेळापत्रक चंद्राच्या हाती. आपली एकादशीही त्याच चंद्राच्या हाती!

यजमान हळूच म्हणाले, "महाराज, ही त्यांची विश्रांतीची जागा. येथे त्यांना मुद्दाम सतावणे हा गुन्हा आहे." पुढे आम्ही विचारून घेतले. २०१० साली स्कॉटलंडमध्ये समुद्राविषयी कायदा झाला. त्याखाली सीलांच्या विसाव्याच्या काही जागा ठरवून दिल्या आहेत, आणि तेथे जाणूनबुजून त्रास देण्यास मनाई आहे. ऐकून आम्हांस बरे वाटले. पालखी विसाव्याला टेकली की तेथे कोणी धक्काबुक्की करतो काय? विसावा तो विसावा. माणसाचा असो की मुक्या जिवाचा.

जवळ किती जावे याचे मापही त्यांनी आम्हांस सांगितले, आणि ते आम्हांस फार मोलाचे वाटले. सील निवांत पडला आहे तोवर ठीक. त्याने डोके उचलून तुमच्याकडे रोखून पाहिले की समजावे, आपण फार जवळ आलो. तेथून पुढे एक पाऊल न टाकता मागे यावे. म्हणजे अंतर किती असावे हे पाहणाऱ्याने ठरवायचे नाही, समोरच्या जिवाने ठरवायचे. सज्जनहो, हे सूत्र संसारातही किती उपयोगी आहे पाहा! घरात, गावात, देवळात आपण दुसऱ्याचे उचललेले डोके पाहतो काय?

थोड्या वेळाने काठच्या उथळ पाण्यात एक करडा बगळा उतरला. एक पाय उचलला, बोटे मिटली, पाय पुढे नेला, बोटे उघडली आणि पाण्यात ठेवला. पाण्यावर वलय म्हणावे असे उठले नाही. मग कितीतरी वेळ तसाच उभा. माउलींचे ते वर्णन डोळ्यांपुढे उभे राहिले. ज्यांनी ते लिहिले त्यांनी काठावर बसून बगळा पाहिलेला असलाच पाहिजे, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका उरली नाही.

पण बगळा लोकव्यवहारात ढोंगाचे प्रतीक आहे. 'बकध्यान' हा शब्द आपण कौतुकाने वापरीत नाही. डोळा माशावर आणि सोंग समाधीचे! आणि माउलींना हे ठाऊक नव्हते असे नाही. त्याची नजर भक्ष्यावर आहे हे त्यांनी त्याच ठिकाणी नमूद केले आहे. तरीही त्यांनी बगळ्याचे पाऊल घेतले आणि चोच सोडून दिली. हीच संतांची निवड. भूक बगळ्याजवळ राहू द्या, ती त्याचा धर्म आहे. पाऊल आपण घ्या.

येथेच पाहणाऱ्याची परीक्षा आहे. गंमत पाहायला आलेला मनुष्यही काठावर निश्चळ बसतो. पण त्याचे बसणे पावलाचे की चोचीचे? हे एरवी कळत नाही. ते कळण्याचा प्रसंग त्याच संध्याकाळी आला. संध्याकाळ म्हणायची एवढेच. त्या मुलुखात वैशाखात रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो.

आडोशातून निघून आम्ही काठाने थोडे पुढे आलो होतो. एके ठिकाणी डोंगरातून गोड्या पाण्याचा ओहोळ समुद्राला मिळत होता. यजमानांनी वाऱ्याकडे तोंड करून आम्हांस एका खडकाआड बसविले. पाणमांजराचे नाक फार तीक्ष्ण. वारा आपल्याकडून तिच्याकडे वाहिला तर ती दिसायच्या आतच निघून जाते. ही पाणमांजरे समुद्रात मासे धरतात, पण गोड्या पाण्यावाचून त्यांचे चालत नाही. सीलाच्या कातड्याखाली चरबीचा जाड थर असतो, तो यांना नाही. यांची सारी ऊब दाट लवेत कोंडलेल्या हवेची. खाऱ्या पाण्याने लव चिकटली की ऊब गेली. म्हणून गोड्या पाण्यात अंग धुणे हे त्यांना नित्याचे. त्यांचे ते स्नान चुकले तर प्राणाशी गाठ!

बराच वेळ काही नाही. मग पाण्यावर एक रेघ उमटली, आणि एक मादी मोठा मासा तोंडात धरून काठावर आली. लहान मासे त्या पाण्यातच खातात, मोठा असला की काठावर आणतात. मागोमाग शीळ घातल्यासारखा बारीक आवाज करीत तिचे पिलू आले. पिलू वर्षभर आईपाशीच राहते. मासा धरणे त्याला आईकडून शिकावे लागते. दोघेही आमच्यापासून वीस-पंचवीस हातांवर.

इतक्यात पलीकडून कॅमेरा घेऊन आलेला एक प्रवासी पुढे सरकू लागला. मनुष्य वाईट नव्हता. त्याला चित्र हवे होते, इतकेच. त्याने वाकून दोन पावले टाकली, दगड खळकन वाजला. मादीने मान वर केली. आमच्या शेजारच्या मुलीने आमचा हात घट्ट धरला. यजमान उभे राहिले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी फक्त हात वर करून तळवा त्या माणसाकडे धरला. तो थांबला. आणि आम्हांस हे सांगायला आनंद वाटतो की तो थांबला तो थांबलाच. कॅमेरा खाली घेऊन तेथेच ओल्या दगडावर बसला. मादी काही क्षण तशीच पाहत राहिली. तेवढ्या क्षणांत पिलाचे रात्रीचे जेवण टांगलेले होते. ती पळाली असती तर मासा तेथेच राहिला असता. मग तिने मान खाली घातली आणि दोघांनी मासा संपविला. ओहोळात अंग धुतले, आणि पाण्यात नाहीशी झाली.

मुलगी हळूच म्हणाली, "आजोबा, आपण एवढा वेळ बसलो होतो, पण तिला कळलंच नाही!" आम्ही म्हटले, "बाळ, तिला कळलं नाही, हेच आपलं आजचं पुण्य."

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची मोजणी 'अभय' या गुणापासून सुरू होते. आपण त्याचा अर्थ 'आपल्याला भय नसणे' एवढाच घेतो. पण बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना भगवंतांनी दोन्ही बाजू बोलून दाखविल्या आहेत. जगापासून भक्ताला त्रास वाटत नाही, आणि भक्तापासून जगाला त्रास होत नाही. अभयाचा दुसरा अर्धा भाग हा: आपले भय कोणाला वाटू नये. पहिला भाग आपल्या छातीवर अवलंबून, दुसरा आपल्या पावलावर.

पळवून लावणे किती सोपे आणि परत आणणे किती कठीण, याचेही उदाहरण त्याच मुलुखात आहे. तेथे पांढऱ्या शेपटीचा थोर समुद्रगरुड होता. मेंढपाळांनी, शिकाऱ्यांनी, अंडी गोळा करणाऱ्यांनी त्याचा असा पिच्छा पुरविला की शेवटचा पक्षी १९१८ साली शेटलंड बेटांत गोळीला बळी पडला. मग लोकांना चुटपुट लागली. १९७५ पासून नॉर्वेतून पिले आणून रम नावाच्या बेटावर सोडण्यास प्रारंभ झाला. दहा वर्षांत ८२ पक्षी सोडले, तेव्हा कोठे १९८५ साली मल बेटावर पहिले पिलू घरट्यातून उडाले. एक गोळी सुटायला क्षण लागला; ते भरून काढायला ६७ वर्षे! पण भरून काढता येते, हेही त्यातच सिद्ध झाले. गरुड हे भगवंताचे वाहन. ते ज्या आकाशातून गेले, तेथे परत आले.

त्या शांत पाण्याच्या काठी माणसानेही माणसाला हुसकावून पाहिले आहे. १८४३ साली स्कॉटलंडच्या धर्मसंस्थेत फूट पडली, आणि जमीनदारांचा अधिकार न मानणारे लोक वेगळे झाले. सुनार्टच्या काठच्या अशा लोकांना तेथल्या जमीनदाराने प्रार्थनामंदिरासाठी जागा नाकारली. ती माणसे उघड्यावर, पावसात प्रार्थनेला बसत. अखेर त्यांनी वर्गणी काढून लोखंडाचे तरंगते मंदिर बांधून घेतले आणि १८४६ साली ते त्या लॉखच्या पाण्यात, काठापासून थोड्या अंतरावर नांगरून ठेवले. जमीन तुझी, पाणी देवाचे! लोक होड्यांतून तेथे जाऊन बसत. शंभर माणसे बसली की ते इंचभर खाली जाई, आणि त्यावरून कोणाच्या प्रवचनाला गर्दी किती हे मोजीत, असे तिकडे सांगतात. आम्हां कीर्तनकारांनी हे ऐकून हसावे आणि जरा सावधही व्हावे.

आपल्याकडे हे घडले नाही असे समजू नका. चोखोबांना राउळात जाऊन देवाजवळ बसू दिले नाही. आज नामदेव पायरीसमोर त्यांची समाधी आहे. दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना पंढरीत उपोषण करावे लागले. जो दुसऱ्याला जागेवरून उठवितो त्याची स्वतःची उपासना कोठवर पोहोचणार? माणूस, पाखरू, जलचर, यांत येथे भेद धरू नका. हुसकावणारा हात एकच असतो.

आता आपल्या नद्यांकडे या. देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासे भाविकांनी देवाचे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राखले. कायदा नव्हता, पहारा नव्हता. तीच इंद्रायणी आळंदीला गेल्या काही वर्षांत पांढऱ्या फेसाने भरलेली आपण पाहतो. कारखान्यांचे आणि शहरांचे पाणी तिच्यात सुटते, त्याचा जाब सरकारदरबारी विचारलाच पाहिजे. पण वाळवंटात उरलेल्या पत्रावळी, पाण्यात सोडलेले कपडे, प्लॅस्टिकच्या पिशव्या, हे कोणाचे? तुकोबांची पालखी इंदापूरला येते, तेथून भीमेचा उजनी जलाशय फार दूर नाही. त्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. त्यांनाही ते पाणी लागते, आपल्यालाही. हे सोबतीचे पाणी आहे.

आता प्रारंभीच्या शंकेचे समाधान. नामघोष सोडा असे आम्ही म्हणत नाही. म्हणू तर आमची वीणा आम्हांस क्षमा करणार नाही. नामाने कोणी भीत नाही. शेकडो वर्षे दिंड्या चालल्या, तरी झाडांवरची पाखरे झाडांवरच राहिली. भय वाटते ते कर्ण्यांच्या चढाओढीचे, आणि 'मी आलो, बाजूला व्हा' या पावलाचे. टाळही एकमेकांस भिडून लगेच दूर होतात, म्हणून तर नाद निघतो. मध्ये ती जागा ठेवली नाही तर नुसता खट्ट आवाज! तेव्हा येत्या वारीत एक नेम करा. रोज पहाटे स्नानापूर्वी, नदी असो, ओढा असो, तळे असो, त्याच्या काठी एक घटका बसा. मुखात नाम, पण ओठांतल्या ओठांत. कोण पाण्यावर येते ते पाहा. हात लावू नका, दगड टाकू नका. एखाद्याने मान उचलली तर एक पाऊल मागे या. आणि उठताना काठावर तुमची खूण म्हणून काहीही राहू देऊ नका.

हे बसणे आपण कोणापासून शिकायचे, हे शेवटी सांगून आम्ही पुरे करतो. पंढरीचा राणा पुंडलिकाच्या भेटीला आला. भक्त आईबापांच्या सेवेत होता. त्याने वीट टाकली आणि थांबायला सांगितले. देवाने दार ठोठावले नाही, हाक मारली नाही, पुढे एक पाऊल टाकले नाही. कर कटावर ठेवले आणि उभा राहिला. आपण समजतो की आपण पंढरीला जाऊन देवाला पाहतो. विचार केला तर उलटेच आहे. आपण जीव फार भित्रे. प्रपंचाच्या पाण्यात बुडी मारतो, क्षणभर डोके वर काढतो, चाहूल लागली की पुन्हा बुडी. आपल्याला धरायला तो धावला असता तर आपण कधीच जवळ आलो नसतो. म्हणून तो हलत नाही. हात पुढे करीत नाही. आपण भिऊ नये इतका निश्चळ होऊन चंद्रभागेच्या काठी उभा आहे, आपल्यापैकी एकेक जण आपणहून वर येण्याची वाट पाहत.

ज्याने आपल्यासाठी इतका धीर धरला, त्याच्या लेकरांसाठी आपण एक घटका धीर धरावा, एवढेच मागणे. रामकृष्णहरि.